खाड्या मोजत रेडीपर्यंत

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, अशी ज्याची समजूत असेल त्याने एकदा सामानाने भरलेली सायकल घेऊन कोकणात धोपाव्याच्या जेटीवर उतरावं. चाक जमिनीला टेकतं न टेकतं तोच चढ लागतो आणि सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, पोचेपर्यंत पाठ सोडत नाही. वर कातळ, वाळलेलं गवत आणि वारा. पाच-सात किलोमीटर जरा सुखाचे जातात, की पुन्हा उतार, कारण पुढे पुन्हा पाणी. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या आमच्या नद्या लांबीने थोड्या, पण जांभ्याचं पठार त्यांनी पार तळापर्यंत चिरलंय. गावं सगळी खाली, खाडीच्या नाहीतर समुद्राच्या तोंडाशी, माडा-पोफळींत. एका गावातून दुसऱ्यात जायचं म्हणजे शंभर-दीडशे मीटर वर आणि तेवढंच खाली. दिवसातून चार-पाच वेळा हे झालं की पन्नास-साठ किलोमीटरांतही पाच-सातशे मीटरची चढाई भरते. म्हणून मला कोणी विचारलं तर मी सांगते, हा किनारा किलोमीटरमध्ये मोजू नका, खाड्यांमध्ये मोजा.

खरं तर जायचं होतं युरोपात. माझी शाळेपासूनची मैत्रीण ठाण्याला दातांची डॉक्टर आहे. तिचा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे धाकटा म्हणतो, तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलने जाऊन आला होता. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत, तीनशेहून जास्त किलोमीटर. युरोव्हेलो ६ नावाचा जो मार्ग अटलांटिकपासून थेट काळ्या समुद्रापर्यंत जातो, त्यातला हा सगळ्यांत लोकप्रिय तुकडा. त्याने फोटो दाखवले आणि आमचं डोकं फिरलं. नदीच्या अंगाने बराचसा सपाट रस्ता, पुष्कळ ठिकाणी गाड्यांना मज्जाव, फाट्याफाट्यावर सायकलच्या चित्राच्या पाट्या. श्लोगेन नावाच्या जागी नदी एवढं मोठं वळण घेते म्हणे, की तिथे माणसं आणि सायकली पलीकडे न्यायला छोट्या होड्या ठेवल्यात. हे होडीचं ऐकल्यावर आमचे मास्तर पहिल्यांदाच बोलले. मास्तर रत्नागिरीत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. "होड्या आपल्याकडे काय कमी आहेत? तुमच्यापैकी मांडवा ते रेडी कोणी केलंय का?"

अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या रेडीपर्यंतचा हा किनारा कोणीच केला नव्हता. रत्नागिरीत जन्म काढून मी दिघीची तर, म्हणजे फेरीबोट, पाहिली नव्हती, आणि व्हिसाचे कागद जमवायला निघाले होते. शेंगेनचा अर्ज, चौघांच्या सुट्ट्या आणि युरोचा भाव हे तिन्ही एका महिन्यात जुळणं कठीणच होतं. ठरलं. मार्गशीर्षात निघायचं, डॅन्यूब नंतर.

सायकलींचं म्हणाल तर धाकट्याची खास लांब पल्ल्याची, पोलादी सांगाड्याची. आम्हा तिघांच्या साध्या हायब्रिड. कोकणात महागडी सायकल नसली तरी चालतं, हलका गिअर मात्र पाहिजेच. मागच्या चाकाची सगळ्यांत मोठी चकती किमान चौतीस दात्यांची असावी, आणि पुढची जितकी लहान मिळेल तितकी बरी. टायर जरा रुंद, ३५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे उखडलेल्या डांबरावर आणि जांभ्याच्या खडीवर हाडं खिळखिळी होत नाहीत. पाठीवर सॅक घ्यायची नाही. ओझं कॅरिअरच्या दोन बाजूंना, शक्य तितकं खाली. सरावासाठी मास्तरांनी प्रत्येकाच्या पिशव्यांत पाच-पाच किलो तांदूळ भरायला लावले आणि रविवारी पावसपर्यंत नेऊन आणलं. तांदूळ घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "हे बाजारातून आणलेस की बाजारात नेलेस?"

तंबू घेतले नाहीत. गावोगावी 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी दिसते, तिथे अंगणात सायकली उभ्या राहतात आणि सकाळी साडेपाचला चहा मिळतो. आणखी काय पाहिजे? कपड्यांचे दोन जोड, वाळत घालायला दोरी, माणशी दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, फ्रेमला चिकटपट्टीने बांधलेले चार जादा स्पोक, चेनचं तेल आणि चेन घासायला जुना टूथब्रश. डॉक्टरने औषधांच्या पेटीत मीठ-साखरेची पुडकी भरपूर घेतली आणि तान्ह्या बाळांना लावतात ते मलमही घेतलं. कशासाठी म्हणून धाकट्याने विचारलं नाही. तो जाऊन आलेला होता.

आमच्या सायकली ओळखीच्या टेम्पोतून अलिबागला गेल्या. डॉक्टर आणि धाकटा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून सायकलवर आले. अलिबाग ते मुरूड हा पट्टा सोपा आहे, थोडक्यात आटपते. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून सावलीतला रस्ता, रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल, मग कोर्लई, काशीद. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. १४६९च्या सुमारास तो चौल बंदरात उतरला, बरोबर विकायला एक घोडा घेऊन. मास्तर तिथे बराच वेळ थांबले. त्वेरपासून इथवर यायचं, तेही घोडा सांभाळत, आणि आम्ही नऊ किलोच्या पिशव्यांचं कौतुक करत होतो. धाकट्याला त्या घोड्याच्या पार्सलचं काय केलं असेल याची काळजी.

मुरूडच्या पुढे आगरदांडा. इथे पहिली तर, पलीकडे दिघी. किनाऱ्यावरची माणसं हिला जंगलजेटी म्हणतात: सपाट तळाची मोठी बोट, पुढची फळी धक्क्यावर टेकते आणि मोटारी, रिक्षा, दुचाक्या, कोंबड्यांचे पिंजरे, शाळेची पोरं सगळं एकदम आत. सायकलींना कठड्याशी जागा. एक खलाशी येऊन चारही सायकली एकाच दोरीने करकचून बांधून गेला. तशी गाठ मला अजून जमलेली नाही. मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका मावशीनं माझ्याकडं आणि डॉक्टरकडं आळीपाळीने बघून विचारलं, "घरात गाडी नाय का गो बाय?" आहे म्हटल्यावर तिला आमची जास्तच कीव आली. तिने पिशवीतून दोन पेरू काढून दिले.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता शेखाडीवरून जातो. या प्रवासात कुठला एकच तुकडा करायचा असेल तर हा करा. डावीकडे डोंगर, उजवीकडे हात लांब केला तर समुद्र, आणि बऱ्यापैकी सपाट, म्हणजे आमच्याकडे चमत्कारच. याच शेखाडीला १९९३च्या मुंबई स्फोटांची स्फोटकं उतरली होती. तिथे चहा पिताना हे आठवतंच, पण टपरीवाल्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. श्रीवर्धनला रोठ्याच्या सुपारीच्या बागा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातली पोफळ अक्षरशः आडवी झाली. पोफळ लावल्यापासून नीट फळायला पाच-सात वर्षं जातात. वाड्यांमध्ये अजून मोकळं आभाळ दिसतं. ज्याने आधीची वाडी पाहिलेली नाही त्याला ते छानच वाटतं.

आम्ही पोचलो त्या दिवशी दत्तजयंती होती. देवळात पाळणा, बाहेर सुंठवडा. रात्री पुरुष माणसं भजनाला आणि आम्ही गुडघ्यांना तेल लावत पडवीत.

पुढे हरिहरेश्वर, बागमांडला, सावित्री ओलांडून वेश्वी. इथून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि खरे चढही. वेळास, केळशी, आंजर्ले. आमचं भांडण याच टापूत झालं.

कुठल्याही सायकलच्या टोळीत भांडण वेगावरून होतं, बाकी सगळी कारणं वरवरची. धाकटा सड्यावर पोचून अर्धा तास आमची वाट बघायचा, आणि आम्ही धापा टाकत पोचलो की लगेच म्हणायचा, "निघायचं?" म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळाली आणि जिला गरज तिला नाही. आंजर्ल्याच्या अलीकडच्या चढावर डॉक्टर एका काजूखाली बसली आणि म्हणाली, आता मी एसटीने हर्णैला जाते, सायकल तू ने. धाकटा म्हणाला, अगं ताई, डॅन्यूबला साठ-साठ वर्षांच्या आज्या...

"डॅन्यूबचं नाव पुन्हा काढलंस तर तुझी अक्कलदाढ भूल न देता काढेन."

मास्तरांनी निवाडा केला: चढ ज्याचा त्याचा, तर सगळ्यांची. म्हणजे सड्यावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही, आपापल्या दमाने चढायचं, हवं तिथे बसायचं. एकत्र यायचं ते पुढच्या खाडीवर, आणि चौघं जमल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. हा नियम रेडीपर्यंत टिकला. कारण सरळ आहे. बोट तिच्या वेळेलाच सुटते. पाऊण तास आधी पोचलेल्यालाही तीच आणि शेवटच्या मिनिटाला आलेल्यालाही तीच. धाकटा जेटीवर पोचून गळ टाकणाऱ्यांशी गप्पा मारायचा, डॉक्टर रमतगमत यायची, मास्तर मध्ये कुठल्या तरी देवळातला शिलालेख वाचून यायचे. बोटीवर सगळे सारखेच दमलेले, सारखेच बसलेले. जिथे खाडीवर पूल होता तिथे पुलाचं अलीकडचं टोक हीच तर समजायची असं ठरलं, पण त्याला मजा नव्हती.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. होड्यांतून किनाऱ्यापर्यंत बैलगाड्या, पाट्या, आरडाओरड. भाव कशात ठरतोय ते कळेपर्यंत माल गेलेलाही असतो. आम्ही पापलेटाच्या एका ढिगापाशी नुसते उभे राहिलो तर एक बाई म्हणाली, घ्यायचं नसेल तर सावली तरी सोडा. रात्री त्याच मासळीचं कालवण जेवलो. मास्तर शाकाहारी, त्यांना कुळथाची पिठी आणि भात. तेही तक्रार न करता तीनदा वाढून घेतलेलं मी पाहिलं.

मग दाभोळ, आणि वाशिष्ठीवरची फेरीबोट. ही २००३ साली सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. आता मोजून थोड्या मिनिटांचं काम. धोपाव्याच्या चढाबद्दल सुरुवातीलाच बोलले आहे, पुन्हा ते दिवस नकोत.

गुहागरला मास्तरांचा दिवस होता. आदल्या रात्री त्यांनी जाहीर केलं, उद्या डांबर नाही, वाळूवरून जायचं. ओहोटीला ओली वाळू अशी घट्ट होते की टायरचा नुसता ठसा उमटतो. पण ओहोटी कधी? धाकट्याने फोन काढला. मास्तर म्हणाले, "ठेव तो. आज तिथी काय?" वद्य द्वितीया. "म्हणजे उद्या तृतीया. तिथीची पाऊणपट कर." तीनाचे पाऊणपट सव्वादोन, सव्वादोनला पूर्ण भरती, त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की साडेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. कोकणात खाडीवर वाढलेल्या माणसाला हा हिशेब आजोबांकडून येतो. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. फोनवरच्या तक्त्यात आणि त्यांच्या उत्तरात थोडाच फरक निघाला, तर मास्तर म्हणाले की तक्ता जरा पुढे असेल.

साडेसातला वाळूवर उतरलो. गुहागरचा किनारा लांबच लांब, डावीकडे सुरूची आणि माडांची रांग, समोर एकही गाडी नाही, खड्डा नाही, चढ नाही. डॉक्टर पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होती आणि मोठ्याने गात होती. बेसूर, पण पुढे. पाण्याच्या फार जवळून जाऊ नका एवढंच सांगते. खारं पाणी चेनमध्ये, गिअरमध्ये, ब्रेकच्या केबलमध्ये घुसतं. वाळूवरून वर आल्या आल्या विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, तेल घाला. आम्ही हे सगळं केलं, तरी दुसऱ्या दिवशी चेनीवर तांबूस रंग आलाच.

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळला आलो. समोर जयगड, मध्ये शास्त्री नदीचं मुख. बोट पलीकडे होती आणि आम्हाला बोलायला भरपूर वेळ. या किनाऱ्यावर रेवस ते रेडी सलग रस्ता व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांची, ते १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते तेव्हाची. सुमारे पाचशे किलोमीटर. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला, राहिले ते मोठ्या खाड्यांवरचे पूल, आणि आता त्यांची कामं निघाली आहेत. मला आधी वाईट वाटलं. बोटी गेल्या तर आमच्यासारख्यांच्या प्रवासातली बसायची जागाच जाणार. ते मी बोलून दाखवलं, तर जेटीवरच्या तिकीटवाल्याने विचारलं, "रात्री बोट बंद झाल्यावर पोटुशी बाई जयगडला न्यायची तर काय करायचं ताई?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पूल व्हायलाच हवेत. आम्ही हौसेने आलेली माणसं, आमच्या सोयीने लोकांनी बोटीची वाट बघत का बसावं?

दुसऱ्या दिवशी संकष्टी. गणपतीपुळ्यात गाड्यांची रांग थेट मालगुंडाकडे आलेली. मास्तर आधीच केशवसुतांच्या स्मारकात शिरले होते, त्यांना बाहेर काढायला धाकट्याला पाठवावं लागलं. पुळ्याला कळसाला हात जोडून पुढे सटकलो आणि आरे-वारेच्या चढाला लागलो. हा चढ सरावात मी अनेकदा चढले होते; वरच्या वळणावरून दोन किनारे एकदम दिसतात आणि तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. त्या दिवशी तिथल्या एका पुणेकर काकांनी मला सांगितलं की रत्नागिरी आता फार लांब नाही. मी आभार मानले.

आणि मग घर. लांबच्या प्रवासात मध्येच स्वतःचं घर येणं ही विचित्र गोष्ट आहे, दुसऱ्या कोणावर ही वेळ आली असेल तर मला भेटून बोलायला आवडेल. तीच पायरी, तोच दरवाजा, पण मी पाहुणी. चौघांच्या सायकली पडवीत लागल्या. नवऱ्याने सगळ्यांसाठी मोदक सांगून ठेवले होते, चंद्रोदयानंतर ताटं वाढली गेली. सासूबाईंनी माझ्या काळवंडलेल्या हातांकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत. रात्री खोबरेल तेलाची वाटी तेवढी उशाशी ठेवून गेल्या. सकाळी पाचला उठले तर स्वतःच्या पलंगावरून उठणं हे धोपाव्याच्या चढापेक्षा जड. कपाटात स्वच्छ कपडे, गॅसवर दूध, मोलकरीण येणार की नाही याचा विचार डोक्यात सुरू झालेला. डॉक्टर दारात येऊन म्हणाली, "अगं, घर कुठे पळतंय? ऊठ." सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जा आता. अर्ध्यावर सोडलंस तर गावभर मला सांगत बसावं लागेल."

रत्नागिरीच्या दक्षिणेला रस्ता निवांत होतो. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड. पावसच्या पुढे मास्तरांच्या मागच्या चाकातून टणकन आवाज आला: एक स्पोक तुटला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. आमच्याकडे स्पोक होते, पण फ्रीव्हील काढायची किल्ली नव्हती. रस्त्यालगतच्या एका झापाच्या दुकानात मोटरसायकली दुरुस्त करणारा पोरगा होता. त्याने चाक उलटं टांगलं, वडिलांना हाक मारली, आणि वडिलांनी हातातली विडी बाजूला ठेवून, डोळ्यांनी अंदाज घेत, पंधरा मिनिटांत चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला. "पूर्वी दिवसाला चार चाकं यायची. आता ही वर्षातली पहिली." पैसे किती म्हटलं तर पोराने सांगितले ते वडिलांनी निम्मे केले.

कशेळी, आडिवरे, नाटे हा सगळा कातळाचा मुलूख. सावली नाही. डिसेंबरातही अकरानंतर सड्यावरचा जांभा तापलेल्या तव्यासारखा वाफ सोडतो. म्हणून आम्ही पहाटे निघून दहा-साडेदहाला थांबायचो, शहाळं, कोकम सरबत, नाहीतर डॉक्टरची पुडकी, आणि तीननंतर पुन्हा चालू. या कातळावरच कशेळीला हत्तीचं भलंमोठं कोरीव चित्र आहे, आणि त्याच्या आत नि भोवती इतर प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जमिनीवर उभं राहून ती पूर्ण दिसत नाहीत, नुसत्या रेघा दिसतात. एका बाजूने चालत गेलं की हळूहळू सोंड कुठली आणि पाय कुठला ते उमगतं. इथल्या पोरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली, त्यावर गुरं चारलेली. ती कोरणाऱ्यांनी ऊन-वारा खात या उघड्या दगडावर किती काळ काढला असेल, आणि कशासाठी, यावर त्या संध्याकाळी आमच्यात बराच वाद झाला. मास्तरांचं मत, रिकामा वेळ.

जैतापूरचा पूल ओलांडून, मग वाघोटणच्या खाडीला आत जाऊन पुलाचा वळसा घालून सिंधुदुर्गात शिरलो. भाषा बदलली. देवगडच्या अलीकडे एका पारावर आजोबा बसले होते.

"खंयसून इलास?"

"अलिबागहून, आजोबा."

"सायकलीन?" थोडा विचार करून, "आणि ह्यां करूक तुमका सांगल्यान कोणी?"

धाकट्याने डॉक्टरकडे बोट दाखवलं, डॉक्टरने मास्तरांकडे. आजोबांनी मास्तरांकडे बघून मान हलवली आणि घरातून पाण्याचा तांब्या मागवला.

देवगड-कुणकेश्वर पट्ट्यात हापूसच्या कलमांना कुठे कुठे मोहोर दिसायला लागला होता. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, तोंडवळी, आणि मालवण. खाण्याचं विचाराल तर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार यांच्या जोरावर मी पुन्हा एकदा दिघीपासून सुरुवात केली असती. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला होडीने गेलो, सायकलींना पहिल्यांदाच पूर्ण सुट्टी.

मालवणहून सरळ पुढे जायला आत पूल आहेत. पण तारकर्लीवरून देवबागला गेलं की जमीन चिंचोळी होत होत संपते, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि समोर भोगवे. इथे जंगलजेटी नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या आहेत. एका होडीवाल्याशी बोलणं केलं. त्याने आधी सायकली उचलून बघितल्या, मग पिशव्या काढायला लावल्या, गादीच्या तुकड्यांवर सायकली आडव्या घातल्या, वर पिशव्या, आणि आम्हाला दोन्ही बाजूंना तोलून बसवलं. नदीच्या तोंडाशी लाटा आडव्या येतात, पण त्या दिवशी अष्टमी होती, भांगाचं पाणी, उधाण नाही. धाकटा म्हणाला, "श्लोगेनला अगदी अशीच..." आणि गप्प बसला. डॉक्टरच म्हणाली, "बोल बोल, पूर्ण कर." मग त्याने सांगितलं की तिथली होडी मोठी असते, सायकली उभ्या राहतात, पण पलीकडे उतरल्यावर पायाखाली अशी वाळू नाही.

वेंगुर्ल्यापुढे मोचेमाड आणि आरवली. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला त्याला चामड्याच्या नव्या चपला वाहतात, भल्याथोरल्या. देवळात त्यांची रास असते. मास्तरांनी वीत लावून मोजायला घेतली, पुजाऱ्यांनी हसून सोडून दिलं. डॉक्टर सायकलचा एक झिजलेला ब्रेकपॅड ठेवायचा म्हणत होती, तिला मी ओढून बाहेर आणलं. ठेवलं ते केळ्यांचा घड आणि नारळ.

शिरोड्याला मिठागरं. १९३०च्या सत्याग्रहात लोकांनी इथलं मीठ उचललं होतं. आणि मग रेडी, गणपतीचं देऊळ, पुढे तेरेखोल आणि गोवा. रेडीला कोणी ढोल वाजवत उभं नव्हतं. देवळाबाहेरच्या टपरीवर चहा-भजी घेतली, चौघांनी चौघांचा एक फोटो काढून घेतला, आणि सावंतवाडी स्टेशनची वाट विचारली. ती वाट पुन्हा चढाची.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी परतीचं आधी ठरवा. गाडीच्या सामानाच्या डब्यातून सायकल नेता येते, पण स्टेशनवर पुरेसा आधी पोचा, आपलं तिकीट दाखवून लगेज म्हणून नोंद करा, नुसतं पार्सल केलं तर सायकल त्याच गाडीने येईल असं नाही. पेडल काढून पिशवीत घाला, हँडल वाकडं वळवून बांधा, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात नाव, कुठून, कुठे, आणि तो पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा. गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा सामानाचा डबा कुठे लागतो ते हमालाला विचारून तिथेच उभे राहा. आमच्या चारही सायकली त्या हमालाने एकेका झटक्यात आत दिल्या.

गाडीत डॉक्टरने कॉन्ट्रीची वही काढली. बोटींचा सगळा खर्च एकत्र केला तरी मासळीच्या ताटांच्या जवळपासही जात नव्हता. मास्तरांनी तीन शहाळ्यांचा हिशेब चुकलाय म्हणून वही दोनदा तपासली. थोडे पैसे उरले होते. ते परत वाटायचे की डॅन्यूबच्या खात्यात ठेवायचे यावर मतं पडली. धाकटा अर्थातच डॅन्यूबच्या बाजूने. शेवटी त्यातून चौघांच्या सायकलींना नव्या चेनी घेतल्या. गुहागरच्या वाळूने जुन्यांचं व्हायचं ते झालंच होतं.